साहेबाचे कट्टे आणि विजयदुर्गावरील ग्रहणमोहीम : इतिहास कसा जपावा

आपल्या गावच्या इतिहासमंडळाने मला तीन गोष्टी विचारल्या आहेत. विजयदुर्ग किल्ल्यातील ‘साहेबाचे कट्टे’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या ओट्यांजवळ लावण्याच्या फलकाचा मजकूर बरोबर आहे का, हे पहिले. त्या ओट्यांची डागडुजी मंडळाने हाती घ्यावी का, हे दुसरे. आणि या मोहिमेविषयी गावात जे कागद, फोटो आणि आठवणी असतील त्यांचा संग्रह कसा करावा, हे तिसरे. फलकाच्या मसुद्यात असे लिहिले आहे की, १८ ऑगस्ट १८६८ रोजी इंग्रज शास्त्रज्ञ नॉर्मन लॉकियर यांनी याच ओट्यांवरून खग्रास सूर्यग्रहण पाहिले आणि हेलियम वायूचा शोध लावला. संग्रह आणि जतन या कामात माझे आयुष्य गेले आहे, त्या अनुभवाच्या आधारे मी सविस्तर लिहितो. फलक दगडात कोरण्याचा विचार आहे असे आपण कळवले आहे, म्हणून सुरुवात मजकुरापासूनच करावी लागेल.

हा मजकूर जसा आहे तसा कोरू नये. लॉकियर विजयदुर्गाला आले होते आणि ग्रहण पाहण्यासाठीच आले होते, यात शंका नाही; मात्र ते आले २२ जानेवारी १८९८ च्या ग्रहणासाठी. त्या मोहिमेचा वृत्तान्त स्वतः लॉकियर, ‘मेल्पोमिनी’ या आरमारी जहाजाचे कॅप्टन चिझम-बॅटन आणि कलकत्त्याच्या प्रेसिडेन्सी कॉलेजचे प्राध्यापक पेडलर यांच्या नावे लंडनच्या रॉयल सोसायटीने प्रसिद्ध केला असून त्याच्या शीर्षकातच विजयदुर्गाचे नाव आहे. त्या काळच्या इंग्रजी लेखनात हे नाव ‘विझियाद्रुग’ असे पडते आणि त्याहून जुन्या कागदांत किल्ल्याचा उल्लेख ‘घेरिया’ असा येतो. कागद शोधताना या दोन्ही रूपांनी शोध घेतला नाही, तर हाताशी असलेला पुरावाही निसटतो.

१८६८ मध्ये मात्र लॉकियर इंग्लंडमध्ये होते. त्या वर्षीच्या ग्रहणासाठी युरोपातून आणि हिंदुस्थानातून निघालेली पथके कुठे होती, याची नोंद चांगली उपलब्ध आहे. फ्रेंच शास्त्रज्ञ जान्सेन गुंटूरला होते आणि मेजर टेनंट यांचे पथकही तिथेच होते. लेफ्टनंट जॉन हर्शेल जमखंडीला, मद्रास वेधशाळेचे पॉगसन मच्छलीपट्टणला, तर कॅप्टन हेग विजापूरला होते. विजापूरच्या या पथकात पुण्याचे प्राध्यापक केरो लक्ष्मण छत्रे, म्हणजे आपले केरूनाना, सहभागी होते, हे मराठी वाचकांना आवर्जून सांगण्यासारखे आहे. हेग यांनी वर्णपटदर्शकातून, म्हणजे प्रकाशातील रंग वेगळे करून दाखवणाऱ्या उपकरणातून, सूर्याच्या कडेवरील तांबड्या ज्वाला पाहिल्या आणि त्यांच्या वर्णपटात एक गुलाबीसर व एक फिकट सोनेरी असे दोन ठळक पट्टे दिसल्याचे लिहून ठेवले. सोनेरी किंवा नारिंगी दिसणारी ही रेषा त्या दिवशी अनेकांनी पाहिली. ती सोडियमची असावी असा बहुतेकांचा समज झाला.

ग्रहण संपल्यावर जान्सेन यांच्या लक्षात आले की या ज्वालांच्या रेषा इतक्या तेजस्वी आहेत की त्या ग्रहणाशिवायही दिसायला हव्यात. दुसऱ्याच दिवशी त्यांनी त्या पाहिल्या. लॉकियर इंग्लंडमध्ये याच कल्पनेवर स्वतंत्रपणे काम करत होते. त्यांनी मागवलेला नवा वर्णपटदर्शक उशिरा, ऑक्टोबरमध्ये, हाती आला आणि २० ऑक्टोबर १८६८ रोजी त्यांनाही ग्रहणाविना त्या रेषा दिसल्या. दोघांची पत्रे पॅरिसच्या विज्ञान अकादमीपुढे एकाच दिवशी, २६ ऑक्टोबरला, वाचली गेली. पुढे बारकाईने मोजमाप केल्यावर ती पिवळी रेषा सोडियमच्या दोन रेषांशी जुळत नाही असे दिसले. सोडियमच्या रेषा ५८९.० आणि ५८९.६ नॅनोमीटरवर आहेत, तर ही ५८७.५ च्या आसपास. पृथ्वीवरील कोणत्याच ज्ञात पदार्थाची ती नव्हती, म्हणून ती सूर्यावरील एका नव्या मूलद्रव्याची असावी असा तर्क लॉकियर यांनी केला आणि सूर्याच्या ग्रीक नावावरून त्याला हेलियम म्हटले. पृथ्वीवर हा वायू विल्यम रॅमसे यांना १८९५ मध्ये एका युरेनियमयुक्त खनिजातून मिळाला, तेव्हा कुठे हा तर्क सर्वमान्य झाला. थोडक्यात, हेलियमचा शोध एका माणसाला एका जागी एका दिवशी लागलेला नाही.

हे वाचून मंडळातील काही जण हिरमुसतील, याची मला कल्पना आहे. मात्र खरी हकीकत मसुद्यातील हकीकतीपेक्षा कमी प्रतीची मुळीच नाही. ज्या माणसाने सत्तावीस वर्षे टीका सोसून एका अदृश्य वायूचे अस्तित्व धरून ठेवले, तो माणूस तो वायू पृथ्वीवर सापडल्यानंतर तीनच वर्षांनी, वयाच्या बासष्टाव्या वर्षात, त्याच सूर्याच्या वर्णावरणाचे (कडेवरील तांबड्या थराचे) फोटो घ्यायला आपल्या किल्ल्यात उतरला होता. आता त्याच्याजवळ प्रयोगशाळेतील हेलियमच्या रेषा होत्या आणि समोर सूर्यावरच्या रेषा होत्या. त्याआधी ऑगस्ट १८९६ मध्ये तो नॉर्वेच्या उत्तर टोकाला असाच आरमारी जहाजाच्या मदतीने गेला होता आणि ऐन वेळी ढगांनी सगळ्या तयारीवर पाणी फिरवले होते. विजयदुर्गाला आकाश स्वच्छ मिळाले आणि लोलक बसवलेल्या कॅमेऱ्यांनी खग्रास अवस्थेच्या आरंभी व शेवटी क्षणभर चमकून जाणाऱ्या वर्णपटाची छायाचित्रे मिळाली. कोकणच्या पौष महिन्यातील निरभ्र दुपारचे हे देणे आहे, आणि विजयदुर्गाचा हेलियमच्या इतिहासाशी असलेला खरा संबंध तो हाच.

परंपरेत १८६८ हे साल का शिरले असावे, हे समजून घेणे कठीण नाही. त्या वर्षीच्या ग्रहणाची पूर्ण छाया कोकणकिनाऱ्यावरूनच देशात शिरली होती, त्यामुळे दिवसा अंधार झाल्याची आठवण किनाऱ्यावर दोन वेळा निर्माण झाली. पाठ्यपुस्तकात हेलियम, लॉकियर आणि १८६८ ही तिन्ही नावे जवळजवळ येतात. गावात साहेबाचे ओटे आणि ग्रहण यांची आठवण होतीच. या दोहोंची सांधेजोड कधीतरी झाली आणि मग तीच पुन्हा पुन्हा छापली गेली. यात कोणी लबाडी केली असे मी मानत नाही. परंतु १८ ऑगस्ट हा दिवस कोकणात ऐन पावसाळ्याचा असतो, हे तरी कोणाच्याही मनात यायला हवे होते. त्या वर्षी ती श्रावण अमावास्या होती. नारळी पौर्णिमा होऊन पंधरवडाच लोटला होता, समुद्र खवळलेला आणि आभाळ भरलेले. विजयदुर्ग हे पावसाळ्यातही आसरा देणारे बंदर असले, तरी नाजूक काचसामान उतरवून किल्ल्यात नेण्याचा आणि आकाश उघडे मिळण्याचा तो काळ नव्हे. म्हणूनच त्या वर्षी हेग आणि हर्शेल यांची पथके घाटापलीकडच्या पर्जन्यछायेच्या प्रदेशात, विजापूर-जमखंडीकडे, होती. आणि तिथेही काहींना ढगांच्या फटीतूनच सूर्य पाहावा लागला.

याच फरकातून मंडळाच्या हाती एक उपयुक्त कसोटी येते. १८६८ चे ग्रहण सकाळी, पावसाळ्यात, भात शेतात उभे असताना झाले. १८९८ चे ग्रहण दुपारी, मध्यान्ह नुकतीच उलटल्यावर, पौष अमावास्येला झाले. शके १८१९ मधील तो शनिवार होता. गावात कोणाच्या आजी-आजोबांनी सांगितलेली ग्रहणाची गोष्ट असेल, तर त्यांना साल विचारू नये, कारण साल हे नंतर ऐकीव माहितीतून चिकटते. अंधार झाला तेव्हा सकाळ होती की दुपार, गडीमाणसे शेतात काय करत होती, पाऊस होता का, होड्या पाण्यात होत्या की किनाऱ्यावर ओढलेल्या होत्या, बंदरात मोठी आगबोट उभी होती का, असे विचारावे. आज ऐंशी वर्षांच्या असलेल्या माणसाचे आजी-आजोबा १८९८ मध्ये दहा-पंधरा वर्षांचे असू शकतात आणि त्यांच्या तोंडची गोष्ट एका पिढीच्या अंतराने आपल्यापर्यंत येऊ शकते. १८६८ च्या बाबतीत आणखी एक पिढी मध्ये येते.

आठवणी नोंदवण्याचे काम मी सगळ्यात आधी करायला सांगेन. कागद आणि दगड आणखी पाच-दहा वर्षे थांबू शकतील, माणसे थांबणार नाहीत. गाबीत वाड्यांतील वृद्ध, जुन्या बंदर कचेरीशी संबंध असलेली घराणी, गिर्ये-रामेश्वर परिसरातील देवस्थानांचे मानकरी, गवंडी आणि सुतार घराणी यांच्याकडे आधी जावे. मुलाखत घेणाऱ्याने लॉकियर हे नाव स्वतःहून उच्चारू नये. एकदा ते उच्चारले की पुढची प्रत्येक आठवण त्या नावाभोवती फिरू लागते. सांगणाऱ्याची बोली शुद्ध करून लिहू नये. तो ‘साहेब’ म्हणतो की ‘गोरो’ म्हणतो, ‘कट्टो’ म्हणतो की ‘ओटो’ म्हणतो, हेही नोंदीचा भाग आहे. मुलाखतीचा दिनांक, सांगणाऱ्याचे वय, त्याने ही गोष्ट कोणाकडून ऐकली आणि ती ध्वनिमुद्रित करून जपण्यास त्याची संमती आहे का, या चार बाबी प्रत्येक ध्वनिफितीच्या सुरुवातीलाच बोलून घ्याव्यात. एखाद्याने ठामपणे १८६८ हेच साल सांगितले, तर तेही तसेच लिहून ठेवावे. परंपरा काय सांगते हेसुद्धा इतिहासाचे एक साधन आहे, फक्त त्याच्यावर ‘परंपरा’ अशी चिठ्ठी असली पाहिजे.

आता ओट्यांकडे वळतो. विजयदुर्ग किल्ला केंद्र सरकारच्या संरक्षित स्मारकांपैकी असून त्याची देखभाल भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडे आहे. जुलै २०२५ मध्ये मराठा लष्करी स्थापत्याच्या बारा किल्ल्यांचा जागतिक वारसा यादीत समावेश झाला, त्यांत विजयदुर्गही आहे. १९५८ च्या प्राचीन स्मारक अधिनियमानुसार अशा ठिकाणी विनापरवाना काहीही बांधणे, खणणे किंवा बदलणे हा गुन्हा आहे. २०१० च्या दुरुस्तीनंतर संरक्षित क्षेत्राभोवतीचे १०० मीटर प्रतिबंधित आणि त्यापुढील २०० मीटर विनियमित मानले जातात. त्यामुळे डागडुजी मंडळाने करावी का, या प्रश्नाचे उत्तर सरळ ‘नाही’ असे आहे. फलकसुद्धा सर्वेक्षणाच्या लेखी परवानगीशिवाय किल्ल्याच्या आवारात लावता येणार नाही. परवानगी मागताना मजकूर पुराव्यासह सादर केला, तर अर्जाला वजन येते. म्हणूनही मजकुराची शहानिशा आधी व्हायला हवी.

कायदा नसता तरी मी हेच सांगितले असते. कोकणातल्या गावांमध्ये आत्मीयतेपोटी केलेल्या दुरुस्तीने जितके जुने बांधकाम गेले, तितके पावसानेही नेले नसेल. जांभ्याच्या आणि चुन्याच्या बांधकामावर सिमेंटचा गिलावा केला की आतली ओल बाहेर पडायचा मार्ग बंद होतो, खारी हवा आणि पाणी आतच अडकते, क्षार दगडाच्या पृष्ठभागाखाली साचतात आणि काही वर्षांत दगडाचे पापुद्रे सुटू लागतात. ओट्यांवर लाद्या बसवणे, रंग देणे, कडेने रेलिंग ठोकणे या सगळ्यांतून आणखी एक नुकसान होते : उपकरण बसवण्यासाठी केलेली खोबण, लोखंडी खिळ्याचा गंज, वरच्या थराचा उतार, अशा ज्या खुणांवरून ओटा कशासाठी होता हे कधी काळी ठरवता येईल, त्या कायमच्या झाकल्या जातात. झाडे उपटणेसुद्धा धोक्याचे असते, कारण पिंपळ-उंबराची मुळे सांध्यांत शिरलेली असतात आणि झाड ओढले की दगडही हलतो. अशी झुडपे दिसली तर फोटो काढून सर्वेक्षणाच्या स्थानिक कर्मचाऱ्याला लेखी कळवावे आणि पत्राची पोच जपून ठेवावी.

मंडळ जे करू शकते आणि ज्याची खरोखर गरज आहे, ते म्हणजे ओट्यांची आज आहे त्या स्थितीची काटेकोर नोंद. त्यासाठी पावसाळा संपून गवत वाळल्यानंतरचा काळ निवडावा. प्रत्येक ओट्याला क्रमांक द्यावा, पण तो कागदावर, दगडावर नव्हे. लांबी, रुंदी आणि चारही कोपऱ्यांची उंची मोजावी. उत्तर दिशा दाखवणारा बाण आणि मोजपट्टी चौकटीत ठेवून चारी बाजूंनी आणि वरून फोटो घ्यावेत. सकाळी लवकर किंवा संध्याकाळी, ऊन तिरपे पडते तेव्हा, पृष्ठभागावरील बारीक खुणा उठून दिसतात; भर दुपारच्या फोटोत त्या दिसत नाहीत. एकमेकांवर पुरेसे येणारे अनेक फोटो घेतले, तर त्यांवरून संगणकावर त्रिमितीय प्रतिमा तयार करता येते, आणि आजकाल अभियांत्रिकी महाविद्यालयांतील विद्यार्थी हे काम आनंदाने करतात. ड्रोन मात्र परवानगीशिवाय उडवू नये.

या नोंदीचा उपयोग केवळ जतनापुरता नाही. २२ जानेवारीला विजयदुर्गाच्या अक्षांशावर मध्यान्हीचा सूर्य दक्षिणेकडे क्षितिजापासून सुमारे ५४ अंशांवर असतो. त्या ग्रहणाची खग्रास अवस्था त्यानंतर थोड्याच वेळाने, सुमारे दोन मिनिटे, होती. उलट १८६८ च्या ग्रहणाच्या वेळी सूर्य पूर्वेकडे होता. ओट्यांची दिशा आणि त्यांच्यावरून आकाशाचा कोणता भाग मोकळा दिसतो, हे मोजून नकाशावर मांडले, तर ते कोणत्या ग्रहणासाठी सोयीचे होते याचा स्वतंत्र अंदाज येऊ शकतो. एवढ्यावरून सिद्ध काही होत नाही, कारण सूर्याचा किरण आरशाने वळवून आडव्या ठेवलेल्या उपकरणात सोडण्याची पद्धत त्या काळी रूढ होती आणि अशा उपकरणाचा ओटा सूर्याकडे तोंड करून असायलाच हवा असे नाही. परंतु छापील वृत्तान्तातील उपकरणांच्या मांडणीशी आपला नकाशा पडताळून पाहिला, तर पुष्कळ काही उलगडेल. माझा स्वतःचा कल हे ओटे १८९८ चे मानण्याकडे आहे.

कागदपत्रांच्या शोधात पहिले साधन अर्थातच रॉयल सोसायटीने छापलेला वृत्तान्त. तो इतका जुना आहे की तो वाचण्यास आणि त्यातील आकृत्या प्रदर्शनात वापरण्यास अडचण येऊ नये; तरी वापरताना मूळ प्रकाशनाचा उल्लेख अवश्य करावा. त्याचे मराठीत भाषांतर करून घेणे हे मंडळाचे सर्वांत मोलाचे काम ठरेल असे मला वाटते, कारण गावातल्या विद्यार्थ्यांना आपल्या गावाविषयीचा तो दस्तऐवज आपल्या भाषेत वाचता यायला हवा. लॉकियर यांचे कागद आणि पत्रव्यवहार इंग्लंडमध्ये एक्सेटर विद्यापीठात आहेत. सिडमथ येथील त्यांच्या नावाची वेधशाळा तर तिथल्या हौशी लोकांची संस्थाच चालवते. तुमच्यासारख्याच माणसांनी स्वयंसेवेने सांभाळलेली ती जागा आहे, त्यामुळे तिथे लिहिलेल्या पत्राला आपुलकीने उत्तर मिळण्याची शक्यता अधिक. पत्रात आपण ओट्यांचे मोजमाप आणि फोटो पाठवू शकलो, तर देवाणघेवाण बरोबरीची होईल.

‘मेल्पोमिनी’ जहाजाची रोजनिशी हा दुसरा महत्त्वाचा दुवा. ब्रिटिश आरमाराच्या जहाजांच्या रोजनिशा लंडनजवळील क्यू येथील राष्ट्रीय अभिलेखागारात ‘एडीएम ५३’ या मालिकेत ठेवलेल्या आहेत. जहाज कोणत्या दिवशी नांगरले, किती माणसे किनाऱ्यावर उतरली, हवा कशी होती, अशा रोजच्या नोंदी करण्याची आरमाराची शिस्त होती. लॉकियर आपल्या मोहिमांत खलाशांना आधी कवायतीसारखा सराव देत. कोणी सेकंद मोजायचे, कोणी काचा बदलायच्या, कोणी प्रभामंडलाचे (ग्रहणात सूर्याभोवती दिसणाऱ्या तेजोवलयाचे) चित्र काढायचे, हे ठरलेले असे. रोजनिशीत या तयारीच्या दिवसांचा माग लागू शकतो.

आपल्याकडचे कागद मुंबईत महाराष्ट्र राज्याच्या अभिलेखागारात, एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीत, शोधावे लागतील. तिथे जाताना सिंधुदुर्ग जिल्हा म्हणून शोध घेतल्यास हाती काही लागणार नाही, कारण हा जिल्हा १९८१ मध्ये निर्माण झाला आणि त्याआधी देवगड तालुका रत्नागिरी जिल्ह्यात होता. १८९७ आणि १८९८ या वर्षांचे महसूल, सागरी आणि सर्वसाधारण खात्यांचे रुमाल, म्हणजे कागदांची बांधलेली गाठोडी, पाहावेत. सरकारी मोहिमेसाठी तंबू, मजूर, होड्या आणि धान्य पुरवण्याचे हुकूम मामलेदारामार्फत सुटत असत आणि अशा हुकुमांमागे हिशेबाचे कागद असतात. इंग्रजी वृत्तान्तात सहसा न येणारी नावे, म्हणजे ज्या गवंड्याने ओटा रचला आणि ज्या तांडेलाने पेट्या उतरवून आणल्या त्यांची नावे, मिळाली तर इथेच मिळतील. ती शोधण्यासाठी आपल्या मंडळाइतके अगत्य दुसऱ्या कोणाला असणार? रत्नागिरी जिल्ह्याचे जुने गॅझेटियर १८८० चे, म्हणजे दोन्ही ग्रहणांच्या मधले आहे. त्यातील विजयदुर्गाचे टिपण याच दृष्टीने पुन्हा एकदा वाचावे.

मराठी वर्तमानपत्रे आणि मासिकेही चाळली पाहिजेत. ‘केसरी’, ‘ज्ञानप्रकाश’, ‘विविधज्ञानविस्तार’ यांचे जानेवारी-फेब्रुवारी १८९८ चे अंक पाहताना त्या वेळचा प्रांत कसा होता हे ध्यानात ठेवावे. प्लेगने मुंबई-पुणे हवालदिल झाले होते, रँडच्या वधाला वर्षही झाले नव्हते, टिळक तुरुंगात होते. अशा दिवसांत सरकारी आरमार एका ग्रहणासाठी कोकणच्या बंदरात उभे राहते, याकडे मराठी माणसाने कसे पाहिले, हे जाणून घेण्यासारखे आहे. ज्योतिषाच्या बाजूनेही हा काळ महत्त्वाचा आहे. ‘भारतीय ज्योतिषशास्त्र’ लिहिणारे, दापोलीजवळच्या मुरूडचे शंकर बाळकृष्ण दीक्षित त्या जानेवारीत हयात होते आणि एप्रिलमध्ये वारले. त्या वर्षीची पंचांगे मिळवून त्यांत ग्रहणाचे स्पर्श-मोक्षकाल (लागण्याच्या व सुटण्याच्या वेळा) काय दिले होते, हे पाहावे.

आणखी एक विनंती. हे ग्रहण विजयदुर्गापुरते नव्हते. छायेचा पट्टा कोकणातून देशावर चढून विदर्भातून ईशान्येकडे गेला. सोलापूर जिल्ह्यातील जेऊर येथे पुण्याच्या महाराजा तख्तसिंगजी वेधशाळेचे प्राध्यापक कावसजी नायगमवाला यांचे पथक होते आणि त्यांचा स्वतंत्र अहवाल छापलेला आहे. अमेरिकेच्या लिक वेधशाळेचे कॅम्पबेल आणि जपानचे एक पथकही जेऊरलाच होते. विदर्भात तळणी आणि पुलगाव येथे निरीक्षणे झाली. या गावांतील शिक्षकांशी आणि इतिहासप्रेमींशी पत्रव्यवहार सुरू केला, तर एका गावाच्या स्मरणाऐवजी महाराष्ट्राच्या आरपार गेलेल्या एका दुपारचा इतिहास उभा राहील. मूळ साधने किती सहज हरवतात याचे उदाहरणही त्याच ग्रहणात आहे : बक्सरला नेव्हिल मॅस्केलिन यांनी घेतलेली ग्रहणाची चलत्‌चित्रफीत परतीच्या वाटेवर चोरीला गेली आणि पुन्हा मिळाली नाही.

गावात जे कागद सापडतील त्यांच्याबद्दल थोडे, पण आग्रहाने. जुना कागद लॅमिनेट करू नये, त्याला सेलोटेप लावू नये, त्यावर बॉलपेनने क्रमांक लिहू नये. मूळ कागद घराण्याकडेच राहू द्यावा आणि मंडळाने त्याची चांगली प्रतिमा घ्यावी, हे बहुतेक वेळा अधिक शहाणपणाचे असते. मालकी मागितली की दप्तरे बंद होतात. मोडी कागद असतील तर वाचता येत नाहीत म्हणून बाजूला टाकू नयेत. प्रतिमा किमान ४०० डीपीआयने, टिफ स्वरूपात घ्याव्यात आणि तीन ठिकाणी ठेवाव्यात, त्यांतील एक ठिकाण गावाबाहेरचे असावे. कोकणात जून ते सप्टेंबर हवेतील दमटपणा कागदाचा सर्वांत मोठा शत्रू आहे. कागद भिंतीला लागून किंवा जमिनीवर ठेवू नयेत, प्लास्टिकच्या पिशवीत बंद करू नयेत. धुतलेल्या कोऱ्या मांजरपाटात गुंडाळून आम्लविरहित पुठ्ठ्याच्या पेटीत ठेवावेत आणि पेटीत सिलिका जेलच्या पुड्या ठेवून त्या दर महिन्याला वाळवाव्यात. वेखंडाची पुरचुंडी कसरीला दूर ठेवते, मात्र ती कागदाला चिकटून नसावी. वाळवीची तपासणी पाऊस सुरू होण्याआधी आणि संपल्यावर, दोन्ही वेळा करावी.

फलकासाठी मी पुढील मजकूर सुचवतो : ‘२२ जानेवारी १८९८ (पौष अमावास्या, शके १८१९) रोजीच्या खग्रास सूर्यग्रहणाच्या निरीक्षणासाठी इंग्रज खगोलशास्त्रज्ञ सर नॉर्मन लॉकियर यांची मोहीम विजयदुर्ग येथे आली होती. १८६८ च्या ग्रहणानंतर सूर्याच्या वर्णपटातील पिवळ्या रेषेच्या अभ्यासातून लॉकियर यांनी हेलियम या मूलद्रव्याचे अस्तित्व मांडले होते. स्थानिक परंपरेनुसार हे कट्टे मोहिमेच्या उपकरणांसाठी बांधले गेले.’ यातील पहिली दोन विधाने छापील पुराव्यावर उभी आहेत आणि तिसरे परंपरेचे आहे, हे वाचणाऱ्याला स्पष्ट दिसते. पुढे कागद मिळून तिसरे विधान पक्के झाले तर मजकूर बदलता यावा, म्हणून दगडाऐवजी बदलता येणारा धातूचा पत्रा वापरावा. १८ ऑगस्टला होणारा हेलियम दिनाचा कार्यक्रम बंद करण्याची गरज नाही. हेलियमच्या शोधाची सुरुवात त्या दिवशीच्या ग्रहणापासून झाली आणि विजापूरला गेलेल्या केरूनानांची आठवण काढायलाही तो दिवस योग्य आहे. विजयदुर्गाचा स्वतःचा दिवस मात्र २२ जानेवारी आहे. त्या दिवशी आकाशही स्वच्छ असते, त्यामुळे मुलांना किल्ल्यात नेऊन, सुरक्षित गाळणीतून सूर्य दाखवून आणि साध्या लोलकाने वर्णपट पाडून हा सगळा इतिहास ओट्यांपाशीच सांगता येईल.

कामाचा क्रम विचारलात तर मुलाखती लगेच सुरू कराव्यात, क्यू आणि एक्सेटरला पत्रे याच महिन्यात पाठवावीत, कारण उत्तरांना वेळ लागतो, आणि ओट्यांची मोजणी दिवाळीनंतर घ्यावी. सर्वेक्षणाकडे फलकाच्या परवानगीचा अर्ज मोजणीचे नकाशे व वृत्तान्ताची प्रत जोडूनच करावा. मोजणीचे तक्ते तयार झाले की मला पाठवावेत. छापील वृत्तान्तातील उपकरणांच्या मांडणीशी ते ताडून पाहण्याचे काम मी आनंदाने करीन.